न उघडलेल्या ब्रेक ड्रमच्या सफाईचे तीनदा बिल घेतल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: मागच्या ब्रेकची न केलेली सफाई, आणि एक्सल नट देण्यास नकार

महोदय,

मी रत्नागिरीत राहतो. 2019 साली तुमच्या कंपनीची छोटी गाडी घेतली. आजवर ती 46,000 किलोमीटर चालली आहे आणि प्रत्येक सर्व्हिसिंग तुमच्या इथल्या अधिकृत केंद्रातच झाले आहे. 2022, 2023 आणि 2024 या तिन्ही वर्षांच्या बिलांत ‘मागील ड्रम ब्रेक: सफाई व अ‍ॅडजस्टमेंट’ अशी ओळ आहे. तिन्ही बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून परतताना आंबा घाटात मी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला होता, तरी गाडी हळूहळू मागे सरकू लागली. माझी आई मागच्या सीटवर बसली होती. मी अजून उतरलो नव्हतो, पाय लगेच ब्रेकवर गेला, म्हणून निभावले. केंद्रात गेलो तर ‘केबल ताणून देतो’ एवढेच उत्तर मिळाले. म्हणून मागची चाके मी घरीच उघडली. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांच्या हाताखाली हे काम मी लहानपणापासून केले आहे.

या गाडीत ड्रम (ब्रेकचे चाकाबरोबर फिरणारे भांडे) आणि हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) एकसंध आहेत. मधला मोठा एक्सल नट काढल्याशिवाय ड्रम बाहेर येत नाही. कारखान्यात तो नट आवळल्यावर त्याची पातळ कड ठोकून एक्सलच्या खाचेत चेपतात, म्हणजे तो आपोआप सैल होत नाही. काढताना ती कड छिन्नीने आधी उचलावी लागते, नाहीतर आटे जातात. झाकण काढून पाहिले तर दोन्ही नटांच्या कडेवर चेपल्याची एकेकच खूण होती, आणि नट व वॉशर यांच्यामध्ये न तुटलेला, सलग गंज होता. जुना नट पुन्हा लावला असता तर चेपल्याची दुसरी खूण दिसली असती. नवा टाकला असता तर तो बिलात आला असता. कारखान्यातून आल्यापासून ते नट कोणी हलवलेलेच नाहीत. मग तीन वर्षे सफाई झाली कशाची?

नट सुटताना जे झाले तेही सांगतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. सकाळी चाक पुन्हा चढवून गाडी जमिनीवर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले, गोटीला, म्हणजे नटावर बसणाऱ्या पान्याला, लांब दांडा आणि त्यावर पाइप घातला. मॅन्युअलप्रमाणे हा नट 175 न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. माझे वजन 72 किलो. मीटरभर दांडीच्या टोकावर उभे राहिलो म्हणजे सुमारे 700, तरी डावा नट ढिम्म. पाइपवर ताण ठेवून गोटीवर हातोडीचे ठोके दिले तेव्हा कुठे तो कडकन सुटला. ड्रम तर त्याहून चिवट. त्यावर असलेल्या दोन भोकांत 8 मिलिमीटरचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले, तेव्हा तो बाहेर सरकला.

आत काळ्या भुकटीचा थर होता. ब्रेक शूवरच्या लायनरची, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या थराची, जाडी पुरेशी आहे, पण पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला. आपोआप अंतर जुळवणारी दातेरी चकती गंजून जाम झाली होती, त्यामुळे शू ड्रमपासून लांबच राहत होते. केबल कितीही ताणली तरी यावर उपाय होणार नव्हता. ब्रेक दाबल्यावर शू ड्रमकडे ढकलणाऱ्या उजव्या व्हील सिलिंडरच्या रबराखाली ब्रेक ऑइल पाझरत होते. ही गळती पाहणे हेच तर ड्रम उघडण्याचे मुख्य कारण असते!

केंद्राच्या सुपरवायझरना फोटो दाखवले. ते म्हणाले, ‘आम्ही मागच्या भोकातून हवा मारतो, त्याला सफाईच म्हणतात.’ हवेने भुकटी आतल्या आत फिरते आणि उरलेली मेकॅनिकच्या नाकातोंडात जाते. मी मास्क लावून, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने ती पुसून काढली. तुमच्या कामगारांच्या छातीसाठी तरी ही पद्धत बंद करा.

नवे नट मागितले तेव्हा पार्ट्सच्या काउंटरवरून उत्तर आले, ‘जुनेच ठोकून बसवा, सगळे तेच करतात.’ एकदा चेपलेला नट पुन्हा वापरू नये असे तुमचेच मॅन्युअल सांगते. शेवटी ते कोल्हापूरहून आणावे लागले आणि गाडी नऊ दिवस ठोकळ्यांवर उभी राहिली.

तिन्ही बिलांतील ब्रेकच्या ओळीचे पैसे आणि नव्या व्हील सिलिंडरचा खर्च मला परत हवा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या केंद्रात ज्या गाड्यांवर हीच ओळ लावून बिले झाली, त्यांच्या मालकांना बोलावून त्यांचे ड्रम त्यांच्यासमोर उघडा. या रस्त्यावर बहुतेकांना घाट चढावा-उतरावा लागतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन.

दोन्ही जुने नट, वॉशर आणि पाझरणारा सिलिंडर मी न पुसता डब्यात ठेवले आहेत. तुमचा अभियंता पाहायला येणार असेल तर आदल्या दिवशी कळवा. मी संध्याकाळी साडेपाचनंतर घरी असतो.

आपला,
एक ग्राहक, रत्नागिरी