रेस्टलिनचा खोकला आत्ता कळला

प्रिय मित्रा,

पत्र लांबणार हे आधीच सांगतो, 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' ही जादूच्या दुनियेतली कादंबरी परत वाचून काढलीय आणि हे तुला नाही तर कोणाला सांगणार, वर्षभर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या खेळाच्या जुन्या नियमांनी क्रिनभर, म्हणजे तिच्याच दुनियेत, फिरवलंस तूच.

आधी वाचलेलं तेव्हा रेस्टलिन माझ्या डोक्यात जायचा, आठवतंय? सारखा खोकतोय, एक मंत्र टाकला की गळून पडतोय, वर मंत्रांची वही उघडून पाठांतर. मी म्हणायचो असला कसला जादूगार! आता स्वतः पहिल्या लेव्हलचा जादूगार खेळलोय ना, चार बाजूंच्या फाशावर येतील तेवढे हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव, दिवसाला एक मंत्र, आणि तोही वापरला की डोक्यातून पुसला जातो, दुसऱ्या दिवशी परत घोका. माझा एकुलता एक स्लीप, म्हणजे झोपवायचा मंत्र, मी दोन फालतू गॉब्लिनांवर उडवला होता, तू किती हसलेलास. त्यामुळे आता तो वही उघडून बसला की मी म्हणतो बस बाबा निवांत, थांबतील बाकीचे.

साधा ड्रेकोनियन, तो ड्रॅगनसारखा सैनिक, मेला की दगड होतो आणि तलवार आतच अडकते, ते आधी नुसतं भारी वाटलेलं, आता वाचताना हात फासे शोधतो. आणि देव निघून गेलेत ही भानगड तर मी तेव्हा चक्क पानं उलटून सोडलेली! आपल्या ग्रुपमध्ये क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जखमा बऱ्या करणारा, नसताना आपली जी वाट लागली, त्यानंतर गोल्डमूनच्या हातात ती निळ्या स्फटिकाची काठी बघून जीव भांड्यात पडला.

झाक त्सारोथ हे पडकं शहर मात्र फिकं पडलं रे. कादंबरी आणि त्याच कथेच्या गेमचं पहिलं मॉड्यूल, म्हणजे खेळायचं छापील साहस, दोन्ही १९८४ चीच, आणि तिथे ते कळतं, एक खोली झाली की पुढची, मला तर नकाशाचे चौकोनच दिसत होते. पण त्यातच ती बुटकी, भोळी बुपू भेटते. रेस्टलिन तिच्यावर मंत्र टाकतो, ठीक आहे, तेवढं नियमात बसतं, पण नंतर तिच्याशी इतकं मायेने वागतो ते कशात बसवायचं? भावाशीसुद्धा असा बोलत नाही. आणि त्याचा तो कुजबुजता आवाज म्हणे टेबलावर खेळताना एका प्लेअरने काढलेला, तोच लेखकांनी उचलला. तेव्हापासून मी त्याचे डायलॉग हळू आवाजात वाचतोय, घरचे विचारतात घसा बसलाय का.

दुसरा भाग तुझ्याकडेच आहे, पुढच्या वेळी आण. त्या शूरवीर स्टर्मचं काय होतं ते माहितीये मला, तरी त्यावर काही बोलू नकोस.

तुझाच,
स्लीप वाया घालवणारा