पिल्लूचा लाकडी बैल निघालाय

बाळा,

बैल काल कुरियरनी पाठवला, पोळ्याच्या आधी पोचेल म्हणाला तो माणूस. एक चाक जरा अडतं, खोबरेल टाक थोडं. परवा तू म्हणालास ना की पिल्लू विचारत होता बैल कशाला आणायचा घरात आणि तुला काही सांगता आलं नाही, तेव्हापासून डोक्यात घोळून राहिलं होतं, फोनवर माझं नेहमी अर्धंच राहतं म्हणून लिहायला बसले.

पहिलं म्हणजे तान्हा पोळा आपल्या नागपूरचा, हे त्याला सांगच. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला, मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लेकरांनी लाकडाचे बैल सजवून न्यायचे, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायचा. त्याच दिवशी मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, काळी आणि पिवळी, तू बाबांच्या खांद्यावर बसून बघायचास आणि ढोल जवळ आले की कान झाकायचास.

पण हा लाकडाचा बैल माझ्यासाठी माझ्या माहेरचा गवळाऊ जातीचा बैल आहे. कारंजा घाडगे, आर्वी, आष्टी हा वर्ध्याकडचा सगळा पट्टा गवळाऊ गाईचा, पांढरीशुभ्र, अंगानं सडसडीत, चालायला चपळ. नंद गवळी लोकांनी ही जात पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्यांची ढोरं रानात चरायची, वासराला पोटभर पाजून उरेल त्या दुधाचं लोणी, लोण्याचं तूप, आणि तुपावर अन् गोऱ्ह्यांवर, म्हणजे तरण्या बैलांवर, घर चालायचं. आमच्याकडे गाय दिवसाला जेमतेम दोन-तीन लिटर द्यायची पण तुझे आजोबा म्हणायचे गाय दुधासाठी नाही रे, गोऱ्ह्यासाठी पोसायची. ते खरंच होतं कारण कपाशीत डवरणी करायची, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं, तर दोन ओळींमधून बैल असा न्यावा लागतो की झाड मोडू नये, तोंडाला मुस्कं बांधलेलं, आणि वरून ते ऊन. आमची जोडी ओळीच्या शेवटी आली की सांगायच्या आधीच वळायची. कोठ्यातलं, म्हणजे गोठ्यातलं, खत वावरात जायचं, वावरातलं कुटार (भुसा) आणि कडबा परत कोठ्यात, सरकीची ढेप तेवढी विकत यायची. लहानपणी मला हा पैशाचा हिशोब वाटायचाच नाही, आता वाटतो, केवढा मोठा होता तो.

आता बहुतेक घरी जर्सी आहे, ट्रॅक्टर आहे, चराईची रानं कमी झाली. मी कोणाला नावं ठेवत नाही, संकरित गाईच्या दुधावर पोरांची शिक्षणं झालीत. पण चांगली गवळाऊ जोडी बघायची तर शोधत जावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, दिसतात अजून. २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या बंदीनं पट थांबले होते, मग २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये कायद्यावरही शिक्कामोर्तब झालं. आजोबांसोबत मी पट बघितलेत, सेकंदावर हारजीत असायची, आणि घरी आल्यावर आजोबा आधी बैलांच्या पायांना हात लावून बघायचे मग स्वतः पाणी प्यायचे.

आणि एक, कॉलेजला जाताना तू सीताबर्डीच्या ज्या पुलावरून गाडी न्यायचास त्याला गोवारी शहिदांचं नाव आहे. गोवारी म्हणजे गावाची ढोरं चारणारी माणसं, दिवाळीत गायगोधन, म्हणजे गाईंची पूजा, त्यांच्याशिवाय होत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला त्यांचा मोर्चा विधानभवनावर आला होता, चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, बाया आणि लेकरं पण. झिरो माईलजवळ स्मारक आहे, आपण कितीदा तिथून गेलो आणि मी तुला एकदाही थांबवून सांगितलं नाही, ते आता सांगते. पिल्लू मोठा झाला की त्याला तू सांग.

बाकी बैलाचं असं कर. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या खांद्याला हळद आणि तूप लाव, लाकडाचा असला तरी लाव, पिल्लूच्याच हातानी. आणि त्याच्या कानात म्हणायला शिकव, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. झूल मी आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची शिवलीये, त्याच पाकिटात आहे. पुरणपोळी जमत नसेल तर विकतची आण पण पहिला घास बैलापुढे ठेव. पाकिटातले पन्नास रुपये त्याचा माझ्याकडचा बोजारा, संध्याकाळी व्हिडिओ कॉल करा, तो बैल ओढत दारातून आत येताना मला बघायचा आहे.

तुझी आई