ईदची सुट्टी चंद्र दिसल्यावरच ठरावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांनी मांडले की सार्वजनिक सुट्ट्या २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आपल्या गोव्यापुरता १९ डिसेंबर एवढ्याच ठेवाव्यात. बाकी सण ज्याचा त्याने स्वतःची रजा घालून करावा, म्हणजे कुठल्याच धर्माला झुकते माप नाही आणि कामाचा खोळंबाही नाही. पत्र सभ्य भाषेत होते, हेतूही चांगला होता. तरी मला ते पटले नाही, आणि का ते सविस्तर लिहिते.

मी चौतीस वर्षे सरकारी इस्पितळात नर्स होते. शेवटची अकरा वर्षे वॉर्डाची इन्चार्ज, म्हणून महिन्याचा ड्युटी चार्ट माझ्या हातचा. इस्पितळ कोणत्याच सणाला बंद नसते. सकाळ, दुपार, नाइट या तीन पाळ्या भराव्याच लागतात. त्यामुळे कुणाचा सण कुणाच्या जिवावर होतो, हे मी फार जवळून पाहिले आहे.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यात दोन दिवस सरकारी सुट्टी असते. त्या दोन दिवसांच्या नाइट आमच्या वॉर्डात बहुतेक ख्रिस्ती मुली करायच्या. जुलै संपत आला की त्याच येऊन सांगत, ‘सिस्टर, चवथीला माझे नाव घाला.’ मग २४ डिसेंबरची रात्र हिंदू मुलींची, कारण ख्रिस्ती मुलींना चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिसाला, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेला, जायचे असे. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात आणि ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे त्यांचा सण. तेव्हा सकाळची पाळी कोण सोडणार, हेही आपसांत ठरलेले असे. कुणी भाषण करून हे शिकवले नव्हते. कॅलेंडरवर ते दिवस लाल होते, म्हणून सगळ्यांना ठाऊक होते. ‘तुला कशाला रजा पाहिजे?’ असे कुणी कुणाला विचारत नव्हते.

वाचक महोदय म्हणतात तशी ‘ज्याची त्याची रजा’ म्हणजे अर्ज आला, आणि अर्ज आला की कारण द्यावे लागते. कारण वाचून सही करणारा माणूस कसा आहे, त्या दिवशी त्याचे मन कुठे आहे, यावर एखाद्याचा सण अवलंबून राहतो. अशी सही करणारी बाई मीच होते, म्हणून पुढची गोष्ट सांगते.

इन्चार्ज होऊन दुसरे वर्ष होते. वॉर्डात एकच मुस्लिम नर्स, घर वाळपईला, राहायची नर्सेस हॉस्टेलात. रमजान ईदला मी तिला ऑफ दिला होता, कॅलेंडरवर छापलेल्या तारखेला. आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला नाही. तिचा फोन आला, ‘सिस्टर, ईद उद्या नाही, परवा.’ मी म्हटले, चार्ट सही होऊन गेलाय, आता बदलता येणार नाही. झाले. ऑफच्या दिवशी तिचा तिसावा रोजा होता आणि ईदच्या सकाळी साडेसातला ती युनिफॉर्म घालून वॉर्डात हजर. हाताला ताजी मेंदी. दोन वाजता पाळी संपल्यावर तिने डबा उघडला. आईने भावाच्या हाती पहाटेच शीर खुर्मा पाठवला होता. आम्ही सगळ्यांनी खाल्ला, मीही खाल्ला. मग ती वाळपईची बस पकडायला गेली.

वॉर्डात आम्ही बाराजणी होतो. एका मुलीला सोडायला अकरा जणी होत्या, त्यातल्या दोघी त्या दिवशी ऑफवर घरीच होत्या आणि विचारले असते तर नक्की आल्या असत्या. मी विचारले नाही. चवथीसाठी मी पाच-पाच जणींची अदलाबदल केली होती, तेव्हा सही झालेला चार्ट कधी आड आला नव्हता. त्या मुलीने ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. मला मात्र ती मेंदी अजून दिसते.

तारखेचा हा घोळ मी नंतर नीट समजून घेतला. आपली चवथ चंद्रावर चालते. ईस्टरही चंद्रावरच, २१ मार्चपासून जी पहिली पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार, आणि गुड फ्रायडे त्याच्या दोन दिवस आधी. ईदही चंद्रावर. पण चवथ आणि ईस्टर गणिताने आधीच बसवता येतात, ईदचा चंद्र डोळ्यांनी पाहावा लागतो. महिना एकोणतीस दिवसांचा की तीस, हे आदल्या संध्याकाळी कळते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि त्यात आपल्यासारखा अधिक महिना नसतो, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. यात त्या मुलीचा काय दोष होता?

पुढच्या वर्षापासून मी रमजानच्या शेवटी दोन घरे पेन्सिलीने मोकळी ठेवू लागले आणि दोघींना आधीच सांगून ठेवू लागले, की चंद्राप्रमाणे एकीला यावे लागेल. त्यानंतरच्या नऊ वर्षांत एकदाही अडले नाही.

आता जरा जुने सांगते. माझे माहेर फोंडा तालुक्यातले, पूर्वज सासष्टीतले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा अनेक घराणी देव घेऊन झुआरी नदी ओलांडून गेली, त्यातलेच आमचे. माहेरी आजही चवथीला मातीची मूर्ती आणत नाहीत, कागदावर काढलेला गणपती पुजतात. कुणी दार ठोठावले तर चटकन लपवता यावा म्हणून कागदाचा, असे आजी सांगायची. १५६० ला आलेले इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचे धर्मन्यायालय, गोव्यातून कायमचे गेले ते १८१२ ला. ज्या घरात देव लपवून पुजला गेला, त्या घरातल्या मुलीला चवथीची सरकारी सुट्टी किरकोळ वाटू शकत नाही. ज्या राज्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे साधारण ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्के मुस्लिम आहेत, तिथे आज लपवण्याची वेळ आमच्यावर येणार नाही हे मला कळते. म्हणूनच दुसऱ्यांच्या सणाची काळजी आम्ही जास्त घ्यायला हवी.

सगळ्या धार्मिक सुट्ट्या काढून टाकण्याचा प्रयोगही आपल्या इतिहासात होऊन गेला आहे. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात असताना, ऑक्टोबर १९१० मध्ये, पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. नव्या सरकारने धार्मिक सुट्ट्या रद्द केल्या. २५ डिसेंबर ठेवला, पण त्याचे नाव केले ‘कुटुंब दिन’. त्याच प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क दिले, ते ऋण मी मानते. पण नाताळाला कुटुंब दिन म्हणणारा एकही माणूस मला बार्देशात भेटलेला नाही.

कामाच्या खोळंब्याबद्दल एवढेच, की इस्पितळ, वीज, पोलीस, बसगाड्या आजही सणासुदीला चालू असतात. तिथली माणसे सुट्टीच्या यादीत असूनही सुट्टीबाहेर असतात. त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

माझी सरकारकडे मागणी साधी आहे. यादीतून कुणाचाही सण कमी करू नये. आणि चोवीस तास चालणाऱ्या सेवांतल्या मुस्लिम कर्मचाऱ्यांचा ईदचा ऑफ चंद्रदर्शनाप्रमाणे आपोआप पुढे सरकेल, असा लेखी आदेश काढावा. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत ईदची सुट्टी आयत्या वेळी एक दिवस पुढेमागे करण्याची पद्धत आहेच. ती पाळीवर काम करणाऱ्यांनाही मिळावी. चार्ट करणाऱ्या बाईच्या स्वभावावर ती सोडू नये. केरळहून आलेल्या मुली ओणमची रजा मागतात, तिचाही विचार त्याच आदेशात व्हावा.

ती वाळपईची मुलगी आता स्वतः इन्चार्ज आहे. चवथीच्या दुसऱ्या दिवशी, आमचा दीड दिवसांचा गणपती पोचवण्याआधी, ती दोन्ही मुलांना घेऊन म्हापशाला आमच्याकडे येते. मुले माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली, उभी राहून एकेक फळाचे नाव विचारतात आणि नेवऱ्या खिशात भरून नेतात. त्यांच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून त्यांना येता येते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, म्हापसा