सूचना : रॉ फुटेजचं (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या व्हिडिओचं) ग्रेडिंग (रंग-उजेडाची जुळवणी) सुरू करण्यापूर्वी

सर्व सभासदांना विनंती, रॉ क्लिपवर थेट लुकची एलयूटी (ठरावीक रंगछटा देणारा तयार रंगतक्ता) टाकू नका. आधी रॉ सेटिंगमध्ये व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचा रंगसमतोल) नीट करा. रॉमध्ये तो चित्रात पक्का मुरलेला नसतो, त्यामुळे इथला बदल सर्वांत स्वच्छ होतो. मग रेक. ७०९ (एचडी पडद्यांसाठीचं रंगांचं मानक) मध्ये रूपांतर. मात्र एक्स्पोजरची (उजेडाची) दुरुस्ती त्या रूपांतराच्या आधीच्या नोडवरच (ग्रेडिंगच्या साखळीतल्या टप्प्यावरच) करा. नंतर केलीत तर रूपांतरात कापले गेलेले हायलाइट (चित्रातले सर्वांत उजळ भाग) परत मिळत नाहीत, आणि चांगलं आकाश उगीच पांढरं पडतं. शॉट एकमेकांशी जुळल्याशिवाय लुककडे वळू नका. डोळे रंगाला सरावतात, म्हणून वेव्हफॉर्म (उजेड मोजणारा आलेख) आणि व्हेक्टरस्कोप (रंग मोजणारा आलेख) कायम उघडे हवेत. आणि कळकळीचं सांगणं : मूळ फायलींची दुसरी प्रत तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये.