क्रिस्टल रिव्हरहून पत्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मॅनाटींचे, म्हणजे समुद्रगायींचे, फोटो ताईच्या मोबाइलवर पाठवलेत, मोठे करून बघा. बाबा, पाठीवर पांढऱ्या रेघा असलेला जो आहे ना, त्याच्यासाठीच खरं तर हे पत्र.

इथे फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर किंग्ज बे नावाची खाडी आहे. तिच्या तळातून सत्तरहून जास्त झरे फुटतात आणि त्यांचं पाणी बारा महिने 22 अंशांच्या आसपास असतं. मॅनाटी चार-पाचशे किलोंचा, पण अंगावर चरबीचं पांघरूण फारसं नाही. समुद्र 20 अंशांखाली गेला आणि तसाच राहिला, की तो आजारी पडतो, मरतोही. म्हणून थंडीत ते सगळे झऱ्यांवर येतात.

आम्ही उजाडता उजाडता पाण्यात उतरलो. पाठलाग करायचा नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही, नुसतं पालथं तरंगायचं. पाय मारला की तळाचा गाळ उठतो आणि फोटो गेलाच. मला ही सक्ती फार आवडली. जवळ यायचं की नाही, ते त्यानं ठरवायचं. झोपेतच तो वर येतो, नाकपुड्या उघडून श्वास घेतो आणि पुन्हा खाली जातो. वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांना चक्क नखं असतात, हत्तीचा नातलग शोभतो! आई, एक पिल्लू आईच्या काखेत तोंड खुपसून दूध पीत होतं. त्यांना आचळ तिथेच असतात. तो फोटो खास तुझ्यासाठी.

त्या पांढऱ्या रेघा म्हणजे बोटीच्या पंख्याचे वार. ते इतक्या जणांच्या अंगावर असतात, की संशोधक एकेका मॅनाटीला व्रणांवरूनच ओळखतात. 2021 मध्ये फ्लोरिडात 1,100 हून जास्त मॅनाटी गेले. त्यातले कितीतरी पूर्व किनाऱ्यावर उपासमारीनं, कारण पाणी प्रदूषित होऊन तळाचं गवतच मेलं होतं. पुढच्या हिवाळ्यात त्यांना लेट्यूसची पानं टाकून जगवावं लागलं. त्या रेघावाल्याचा फोटो काढताना मला फार राग आला होता. तरी तो माझ्याजवळ आला, मिशाळ तोंड कॅमेऱ्याला लावलं आणि शांतपणे पुढे गेला.

तुम्ही दोघांनी हे बघावंच. आई, पाण्यात उतरायची गरज नाही. थ्री सिस्टर्स झऱ्यांभोवती लाकडी पायवाट आहे आणि पाणी इतकं नितळ, की वरूनही सगळं दिसतं. मार्च सरता सरता ते समुद्राकडे परततात, म्हणून मी जानेवारीची तिकिटं बघतेय. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आत उरकून घ्या.

तुमची,
धाकटी