मेंदूमृत्यू: नातेवाइकांना चाचणी दाखवा

संपादक महोदय,
मेंदूमृत्यूनंतर, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबल्यावर, घरच्यांचा वाद बहुधा एकाच गोष्टीवरून पेटतो. मॉनिटरवर ठोके दिसतात, हात कोमट लागतो, मग ‘गेला’ कसे म्हणायचे? पण छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासते; प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यात नसतात. अ‍ॅप्निया चाचणीत व्हेंटिलेटर काढून, ऑक्सिजन चालू ठेवून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. एरवी त्यानेच श्वास सुरू होतो; मेंदूमृत्यूत तरीही येत नाही. हे नातेवाइकांना डोळ्यांनी पाहू द्यावे, अशी कळकळीची विनंती. अवयवदानाचा विषय त्यानंतरच निघावा, तोही समुपदेशकाकडून. नाहीतर पत्नी हो म्हणते, भाऊ अडून बसतो आणि तेवढ्यात रक्तदाब कोसळून हृदय थांबते.
– एक वाचक, पुणे