पक्या, बापूला ताप नव्हता रे

सांगली
रविवार रात्र

पक्या,

आमचं सगळ्यांचं बरंय, आईचे गुडघे तसेच. फोनवर तू मध्येच डॉक्टर होतोस आणि आपलं भांडण लागतं, म्हणून लिहितोय. बापूची मान मोडली त्या रात्री जीपमध्ये ती तूच धरून बसलावतास, तुलाच कळेल हे.

परवापासून त्याचे पाय जास्तच उडत होते, पट्टा लावूनही खुर्चीतनं घसरायचा. मग कपाळावर घाम, तोंड लालबुंद, डोकं फुटतंय म्हणाला. थर्मामीटरला ९८. दवाखान्यात म्हणे ताप नाही, खाली कुठं दुखत नाही, बीपी १३०, नॉर्मल आहे, घरी न्या! अरे बापूचं रोजचं वरचं बीपी ९५, त्याला १३० म्हणजे चढलेलंच की. मान मोडून आतला मज्जारज्जू निकामी झाला की खालचं दुखणं डोक्यापर्यंत पोचतच नाही, पण अंग आतनं बीपी चढवत राहतं. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, दुर्लक्ष झालं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मी तिथंच त्याला ताठ बसवलं, पट्टे सैल केले, लघवीची नळी बघितली तर गाळानं तुंबलेली. भांडून ती बदलायला लावली, बीपी उतरलं. नव्या नळीतली लघवी कल्चरला, म्हणजे जंतू तपासायला, दिली, इन्फेक्शनच निघालं.

तेवढ्यात बापू म्हणतोय, पक्याला लिही, विलिंग्डनच्या ग्राउंडवर तो रनआउटच होता. अंपायर मी होतो, मी नॉटआउट दिलं, विषय संपला!

पण पक्या, मी कामावर असताना हे कोण ओळखणार? आई आता लघवीला जरा वास आला तरी अँटिबायोटिक द्या म्हणते. नळीवाल्याच्या लघवीत जंतू असायचेच, बाकी काही त्रास नसताना नुसत्या रिपोर्टवर गोळ्या चारल्या तर खऱ्या वेळी त्या लागू पडायच्या नाहीत. आणि लघवी निदान दिसते तरी. अपेंडिक्स सुजलं तर त्याचं पोट आपल्यासारखं दुखणार नाही, खोकल्यात जोर नाही म्हणून कफ छातीतच साठतो, बेडसोर आतनं हाडापर्यंत गेला तरी त्याला पत्ता नाही. एक पाय सुजून लाल झाला तर इन्फेक्शन की रक्ताची गुठळी, वरनं सारखंच दिसतं. रात्री दोनदा उठून त्याच्या कपाळाला हात लावतो मी, आणि कपाळ गार लागलं तरी झोप येत नाही.

तुझ्या फ्लॅटचं झालं का? पोरीचं ॲडमिशन? वहिनींना नमस्कार.

एक काम कर. बापूचं रोजचं बीपी, इजा कुठल्या मणक्याला, काय दिसलं की धावायचं, हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडतोय, तुझ्या ऑफिसात मराठी-इंग्रजी टाईप करून लॅमिनेट करून पाठव, खुर्चीच्या मागं बांधतो. दोन कर, एक आईच्या पिशवीत राहील. आणि टाईप करताना तुझं डोकं घालू नकोस.

तुझा,
दिल्या